बाटल्यांतला गॅस

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांत मी घरी केलेली बिअर भरली, आत गॅस तयार व्हावा म्हणून चमचाभर साखर टाकली आणि बुचं घट्ट लावली. बाटली दाबल्यावर टणक लागली की आत गॅस भरला समजायचं. पण माझ्या बाटल्या रोज मऊच!

उन्हाळ्यात आमच्या सेलूत मोटारसायकलच्या टाकीचं झाकण उघडून गॅस सोडतात. एका सकाळी बघतो तर थोरला भाऊ टाकी उघडून झाल्यावर माझी बुचं सैल करत बसलेला. माझं डोकंच फिरलं. कुणी सांगितलं होतं याला?

"फुगायल्या होत्या. फुटल्या असत्या की."

फुटू नयेत म्हणूनच तर काच सोडून प्लास्टिक घेतलं होतं! मी बोंबलत असतानाच त्यानं ग्लास भरला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याच्यात तर गॅसच न्हाई."