लाल खुंट्यांच्या आत

आमच्या घरी रद्दी म्हणजे पत्रकं. वडील मध्य प्रदेशातल्या सौंसरला शाळामास्तर होते. जयंती असो, मोर्चा असो की पाण्याच्या टाकीचं भांडण, त्यांचं पत्रक निघायचंच. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठींवर मी गणितं सोडवली आणि उलटून पुढची बाजू वाचली. अन्यायापुढे वाकायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. म्हणून मी एका परदेशी सल्लागार कंपनीत नोकरी धरली तेव्हा वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "तिथं तू कोणाकडून बोलशील?"

"कंपनी रस्ता बांधत नाही, बाबा. रस्ता कुठून जावा ते सांगते."

"म्हणजे बांधणाऱ्यापेक्षा मोठी," ते म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

कंपनीची कार्यालयं म्हणे कितीतरी देशांत होती. सौंसरला मात्र तिची भाड्याची एक खोली, तिच्यात नकाशे छापायचं एक लांबलचक यंत्र आणि सतत बंद पडणारा कूलर. शहराबाहेरून जाणाऱ्या नव्या रस्त्याची आखणी तिच्याकडे होती. बैठकांना माणसं जमवायची आणि इंजिनिअरचं हिंदी लोकांना मराठीत सांगायचं, हे माझं काम. इंजिनिअर दुसऱ्या राज्यातला, माझ्याहून थोडाच मोठा. सभ्य होता. कोणाच्याही घरी पाणी पिताना आधी आभार मानायचा.

मे महिन्यात लोधीखेड्याजवळच्या एका शाळेच्या व्हरांड्यात जनसुनावणी होती. भिंतीवर मोठा नकाशा लावलेला. त्यावर दोन रेषा होत्या. निळी रेषा प्लॉट पाडून ठेवलेल्या रिकाम्या जमिनीतून जात होती. लाल रेषा संत्र्याच्या एका बागेच्या मधोमध. ती बाग माझ्या आत्याची. तिचे यजमान गेल्यापासून ती एकटीनं राखत होती, आणि त्या दिवशी ती पुढच्याच रांगेत बसली होती.

इंजिनिअरनं काठी लाल रेषेवर ठेवली. "यहाँ के पेड़ सूख चुके हैं। मृत हैं। इसलिए इधर नुकसान कम है।"

मग तो माझ्याकडे बघून थांबला. आखणीसाठी कंपनीनं ड्रोननं काढलेले फोटो मी पाहिले नव्हते, पण काय झालं असेल ते त्या क्षणी मला कळलं. आमच्याकडे मृग बहारासाठी उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. बाग ताणावर सोडली म्हणतात. झाडं मान टाकतात, पानं पिवळी पडून गळतात. तसं उपाशी ठेवल्याशिवाय पावसाबरोबर फूल येत नाही. आकाशातून बघणाऱ्याला ते मढंच दिसणार.

मी शब्दाला शब्द ठेवून मोठ्यानं सांगितलं, "साहेब म्हणतात, इथली संत्र्याची झाडं मेलेली आहेत."

मग आत्या उठली. "मेली? माह्या घरी मयत झाली अन् मलेच नाही सांगतलं?"

"वैनी, मंग तेरवीचं जेवण कधी?" मागून शेजारचे काका ओरडले. हशा पिकला. आत्या हसली नाही.

"साहेबाले म्हणा, पायानं चालत ये. वरून नको पाहू."

तो आला, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. दुपारच्या उन्हात बागेत आला. पायाखाली वाळकी पानं चुरचुरत होती. झाडांमधून दोन्ही बाजूंनी कंपनीच्या लाल रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, रस्त्याची रुंदी दाखवणाऱ्या. आत्यानं एका फांदीवर नख ओढलं. सालीखाली ओलं हिरवं निघालं. तिनं त्याचं बोट धरून तिथं टेकवलं.

"मैं मान गया," तो हळू म्हणाला. "पर नाखून से खुरचकर रिपोर्ट नहीं बनती। फोटो में हरा दिखना चाहिए।" महिनाअखेरीस ड्रोन पुन्हा उडेल, त्यानंतर अहवाल वर जाईल, एवढं तो करू शकत होता.

"पाऊस येऊ द्या," मी म्हटलं. "मृगानंतर उडवा."

"तारीख मेरे हाथ में नहीं है।"

तो गेला. आत्या बांधावर बसली. महिनाअखेरीस बाग हिरवी दिसायची तर आत्ताच पाणी द्यावं लागणार. आत्ता पाणी दिलं तर पालवी फुटणार आणि बहार जाणार. वर्षभराचं फळ. न द्यावं, तर कागदावर झाडं मेलेली आणि खुंट्यांच्या आत रस्ता. मला हे बोलून दाखवायची गरज नव्हती. ताण देताना चुकून कोणी मोटर चालू करू नये म्हणून ती स्टार्टरचा फ्यूज काढून पदराच्या गाठीत ठेवायची. तिची बोटं त्या गाठीवरच होती.

संध्याकाळी वडील आले. मी तोवर अर्धं पत्रक लिहून आणलं होतं. जिवंत झाडांना मृत ठरवणाऱ्यांचा निषेध असो, अशी सुरुवात होती. मी ते उभी राहून वाचलं.

"चांगलं लिवलं," आत्या म्हणाली. "छापा. पण ड्रोन पत्रक वाचते का वं?"

"आत्या, पाणी दिलं म्हणजे त्यांचं खरं मानलं! चूक त्यांची, अन् बहार तू का सोडायचा? आपण तहसीलला बसू. नागपूरच्या त्यांच्या ऑफिसपुढं बसू."

"बस नं. मी कुठं नाही म्हणून राहिली?"

"मग फ्यूज दे माझ्याकडे."

"काऊन?"

"माझा तुझ्यावर भरवसा नाही."

वडील दचकले. आत्याशी असं कोणी बोलत नसे. "तुह्या बापानं जलमभर पत्रकं काढली," ती म्हणाली, "अन् मी त्याच्या सभेले येणाऱ्याइले याच बागेची संत्री खाऊ घातली. दोन्ही लागते पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, विजेची लाइन यायच्या वेळेला, मी बागेत पोचले तर ती स्टार्टरच्या पेटीपुढे उभी. मी धावत जाऊन पेटीला पाठ लावली. खरंच लावली. पंचवीस वर्षांची बाई, नोकरीवर जायच्या कपड्यांत, पेटी अडवून.

"सरक."

"नाही."

"अवं, सारी बाग नाही भिजवून राहिली मी." तिनं हातातला काळा पाइप वर केला. "खुंट्याच्या आत जेवढी हायेत तेवढीच. बाजूची उपाशीच राहतील."

मला समजायला वेळ लागला. मग मी सरकले.

तिनं गाठ सोडून फ्यूज बसवला. मोटर गुरगुरली. आम्ही दोघींनी पाइप ओढत आळ्यामागून आळं भरलं. लाल खुंटीच्या अलीकडचं झाड पाणी प्यायचं, पलीकडचं कोरडं. प्रत्येक सीमेवर आत्या क्षणभर थांबायची. एका झाडाजवळ, जे सर्वांत जास्त फळ देतं म्हणून ती नेहमी दाखवायची, तिनं पाइप माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

पत्रक निघालं. तहसीलला आम्ही बसलो. कंपनीच्या नागपूर ऑफिसमधून मला फोन आला, की कर्मचाऱ्यानं असं करणं नियमात बसत नाही. मी म्हटलं, जिवंताला मृत म्हणणं बसतं का? पुढचा करार माझ्याशी होणार नाही, हे तेव्हाच ठरलं. पण महिना पूर्ण करायचा होता, म्हणून ड्रोनचे फोटो आले त्या दिवशी मी त्या खोलीतच होते.

इंजिनिअरनं पडद्यावर बाग उघडली. दोन्हीकडे करपलेलं तपकिरी, आणि मधोमध कोवळ्या हिरव्याचा सरळ पट्टा. कडा पट्टीनं आखल्यासारख्या. आमच्या लाल रेषेवर अगदी बरोबर बसणारा. लिहिलेलं कुणी पुसावं तसं त्या पट्ट्यानं ती रेषा झाकून टाकली होती.

तो खुर्चीत मागे टेकला. "यह... सिर्फ अलाइनमेंट में?"

"तुम्हाला तेवढंच बघायचं होतं, सर."

त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. मग 'मृत' खोडून त्या जागी फळबाग लिहिलं, आणि बाजूची झाडंही त्यातच धरली. मला न विचारता. सुधारित नकाशात रस्ता निळ्या रेषेनं गेला.

मृगानंतर बाग फुलली. जुलैत पांढुर्ण्याचा एक व्यापारी बहार बघायला आला. झाडावरचा माल आधीच ठरवायची त्याची रीत. एका टोकापासून चालत आला, फांद्या उचलून बारीक फळं बघत खूश झाला. मग मधल्या पट्ट्यात शिरला आणि थबकला. पानंच पानं, गडद, टवटवीत. फळ एक नाही.

"बाई, हे मधातलं काऊन कोरं?"

आत्या एक लाल खुंटी उपटून हातात घेऊन उभी होती. तिनं ती बांधापलीकडे फेकली.

"तेवढं फोटोले दिलं, भाऊ," ती म्हणाली, आणि त्याला पुढच्या झाडाकडे घेऊन गेली.