मांडीवरची ट्राम

परभणी जिल्ह्यात ट्राम कधी धावली नाही. तरी ताडकळसहून पूर्णेला ट्राम नेताना मी एक अख्खी बस गोत्यात आणली होती.

ट्राम माझ्या आत्याची. आतोबा मुंबईला ट्रामचे ड्रायव्हर. ट्राम बंद झाल्या, पुढे आतोबाही गेले आणि आत्या ताडकळसला आमच्याकडे राहायला आली. इथे तिने डालड्याचे डबे कापून, दोऱ्याच्या रिळांची चाकं लावून, निव्वळ आठवणीतून दुमजली ट्राम उभी केली. काय ट्राम होती! आत वळणाचा जिना, टेकायची पाठ पुढेमागे फिरवता येणारी बाकडी (खऱ्या ट्रामचीही फिरायची म्हणे!) आणि ड्रायव्हरच्या पायाशी पितळी घंटी. "ह्यांची घंटी ऐकूनच मी तव्यावर पोळी टाकायची," आत्या सांगायची.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळे ट्राम पूर्णेच्या प्रदर्शनात मांडायचा मान मी आपणहून घेतला.

"सुधाकर, घंटीत चिंधी कोंब बाबा."

"आत्या, मी विज्ञान शिकवतो!" (त्याचा इथे काय संबंध, मला अजून कळलेलं नाही.)

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही बसमध्ये बसलो, ट्राम माझ्या मांडीवर आणि आत्या शेजारी. पहिला खड्डा आला. टण्! ड्रायव्हरने बस थांबवली.

"कोन उतरायलंय?" कंडक्टर ओरडला. कुणीच नाही. पुढचा खड्डा. टण्! बस पुन्हा उभी, भर ज्वारीत!

"लय झालं! मागं शिडीला कोनी लटकलंय का बघतो," म्हणत कंडक्टर खाली उतरला. पाय मोकळे करायला आत्याही उतरली. तेवढ्यात मी घाईघाईने घंटीत रुमाल कोंबायला गेलो.

टण् टण्!

बस निघाली! कंडक्टर मागे, आत्या मागे!

"थांबवा! थांबवा!"

"घंटीबिगर थांबत न्हाई!" ड्रायव्हरने मान न वळवता सांगितलं.

मी बसच्या घंटीच्या दोरीकडे झेपावलो, तर पलीकडचे आजोबा म्हणाले, "गुरुजी, दोरीला हात लावू नका. कंडक्टर रागावतो." शेवटी मी ट्रामचीच घंटी दाबली. पण आता तिच्यात माझा रुमाल होता!

पूर्णेच्या स्टँडवर मी ट्राम छातीशी धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने दूधवाल्याची मोटारसायकल आली. पुढे दूधवाला, मध्ये लालबुंद कंडक्टर, मागे मांडीवर कॅन घेतलेली आत्या! तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आधी ट्रामचा जिना तपासला. तो शाबूत पाहून कंडक्टरला म्हणाली, "रागवा नंतर. आधी ही बघा तरी."

कंडक्टर वाकला. त्याने एक बाकडं फिरवलं. मग दुसरं. मग सगळी! मग ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरने माझा रुमाल उपसून घंटी वाजवली आणि आत्याकडे वळला.

"माय, ही तुमी केली? हातानं?"

आत्याने त्याला रिळांची चाकं फिरवून दाखवली. स्टँडवरची माणसं गाड्या सोडून ट्रामभोवती गोळा झाली. प्रदर्शन आधी तिथेच भरलं!

संध्याकाळी परतीला नेमकी तीच बस. कंडक्टरने आपली सीट ट्रामला दिली, आत्याला खिडकी दिली आणि मला म्हणाला, "गुरुजी, तुमी टपावर!"

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी विचारलं, "सर, काल टपावर कोंबड्यांच्या पाटीपाशी तुमीच बसलेले ना?"

"छे! तो माझा भाऊ," मी म्हणालो.

मी एकुलता एक आहे, हे साऱ्या ताडकळसला माहीत होतं.