बेर्लेवोगहून मेहाम्नला

दूर उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या बेर्लेवोग गावातल्या योरूनचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. शेजारणीने न मागता अंडी दिली तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. नवरा गेल्यावर हा संशय जास्तच बळावला. त्यातून धाकटा भाऊ आयविन मासेमारी सोडून एकाएकी मेहाम्नला राहायला गेला.

"इथे गोंगाट फार होतो," असं तो जाताना म्हणाला होता.

"बेर्लेवोगमध्ये? इथे समुद्रपक्षी सोडले तर ओरडतं कोण?" योरून म्हणाली होती.

मेहाम्न काही परमुलखात नव्हतं. रस्त्याने खाड्यांना वळसे घालत जायचं तर दिवस मोडायचा. पण विमानाने पन्नासेक किलोमीटर, जेमतेम वीस मिनिटं. तरी दोन वर्षांत आयविन एकदाही फिरकला नाही. दर वेळी फोनवर तेच रडगाणं: "आज विमान नाही गं, वारा फार आहे."

"विमान आत्ता माझ्या छपरावरून तुझ्याकडेच गेलं की!"

"हो? मग इथे उतरणार नाही ते."

"बरं, बोटीने ये."

"बोटीत मला मळमळतं."

चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला मळमळतं! पाणी कुठेतरी मुरतंय, हे योरूनने ओळखलं. आजारी असेल, की पिऊन पडत असेल? तिने कुणाला न सांगता तिकीट काढलं.

विमानात चौघंच होती. मेहाम्नवर येऊन वैमानिकाने एक घिरटी घातली, तशी ती हवाईसेविकेवर कडाडली, "उगाच फिरवताय कशाला?"

"बाजूने वारा आहे, बाई. पहिल्यांदा उतरता आलं नाही."

योरूनला ते खरं वाटलं नाही. पण उतरताना वाऱ्याने टोपी उडवली, तेव्हा ती जरा वरमली. म्हणजे आयविनची वाऱ्याची कारणं सगळीच खोटी नव्हती तर.

आयविनच्या दारात बुटांचे दोन जोड होते. त्यातला एक बायकी. दार राग्नाने उघडलं. तिचे केस पिकले होते, पण योरूनने तिला लगेच ओळखलं. तरुणपणी आयविन हिच्याशी लग्न करणार होता. "हिचा तुझ्या बोटीवर डोळा आहे," असं योरूननेच त्याच्या मनात भरवलं होतं आणि लग्न जमता जमता मोडलं होतं.

मागे उभ्या आयविनचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला सांगणारच होतो..."

"कधी? वारा पडल्यावर?"

राग्ना शांतपणे म्हणाली, "बोट कधीच भंगारात गेली, योरून. तरी मी आले. आता कशावर डोळा आहे म्हणशील?"

  चुलीवर कॉड मासा उकळत होता. योरूनने कोट काढला, खुर्ची ओढली.  जेवताना आयविनने तिच्या ताटात माशाची कलेजी वाढली. लहानपणी तो ती कुणालाच देत नसे.

निघताना ती राग्नाकडे न बघताच म्हणाली, "ईस्टरला या. दोघंही."

ती दोघं खरंच आली. राग्नाने घरचा केक आणला होता. योरूनने तो कापला, पहिला तुकडा आयविनपुढे सरकवला आणि तो गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसली. मग स्वतः दोन खाल्ले.