अप्पांची कातर

अप्पांनी लोकर कातरलेल्या मेंढीच्या अंगावर रक्ताचा टिपूस दाखवून द्यावा, अशी भालकीकडच्या गावांत पैज लागायची. हे माझे थोरले चुलते. "तिला कळायबी नगं, आंगावरचं कवा उतरलं," म्हणायचे.

साठी उलटली तसे त्यांचे हात कापायला लागले आणि कातर खुंटीला गेली. मग हैदराबादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन-तीन महिन्यांत हात स्थिर! अप्पांनी कातर खाली काढली, मी शिकवते त्या शाळेत पेढे वाटले.

पेढे जरा लवकरच वाटले. कातरणीचा हंगाम संपला तरी अप्पा थांबेनात. ऐन थंडीत त्यांनी सगळा कळप बोडका केला. मग शेजाऱ्यांची शेळी, म्हशीच्या शेपटीचा गोंडा, माझ्या नव्या शालीची झालर. काकू म्हणाली, "माझ्या येणीकडं बघायलेत गं, पदर घट्ट घिऊनच हिंडायलेय." मी शाळेतली तांदळाची रिकामी पोती आणून मेंढ्यांना झुली शिवल्या. कळप चरायला निघाला की रेशनचं दुकानच चालत निघाल्यासारखं दिसे. गाव हसायचं, अप्पाही हसायचे.

मग एक गाभण मेंढी गारठून मेली. त्या दिवशी ते हसले नाहीत. "मला समदं कळायलंय गं, पर हात ऐकंना."

पुन्हा हैदराबाद गाठलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूतलं डोपामिन कमी झालं की हात कापतात. गोळी त्याचं काम करते. पण काहींना त्यानं एखाद्या गोष्टीची ओढ आवरत नाही. कुणी जुगार खेळत सुटतं, कुणी खरेदी करत."

"आमचे कातरत सुटलेत," मी म्हणाले.

गोळी कमी केली तर थरथर परत येणार होती. अप्पा आपल्या स्थिर हातांकडे बराच वेळ बघत बसले. "कमी करा साहेब. कापंनात का. पर माझं ऐकू द्या."

घरी येताच त्यांनी कातर माझ्या हातात दिली. "मी मागितलो तरी दिऊ नगस." महिनाभर रोज मागितली, रागावले, विनवण्या केल्या. माझा जीव तुटायचा, पण मी दिली नाही. हळूहळू हात पुन्हा कापायला लागले आणि तो नाद सुटला.

शेवटच्या आजारपणात त्यांनी ती एकदा मागितली. मी ट्रंकेतून काढून दिली. थरथरत्या अंगठ्यानं त्यांनी धार पाहिली. "गंजू दिली न्हाईस," म्हणाले. मग पाती मिटली आणि मी हात पुढं करायच्या आतच कातर माझ्या ओटीत ठेवली.