शर्यतीचं शेपूट

तिला सगळे शेपूटच म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागं म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. ती होतीच शेपूट. दरवर्षी डोंगरावर पळायची शर्यत भरायची. लांबलांबून माणसं यायची, रंगीत बूट, अंगाला चिकटलेले कपडे, पाठीला पाण्याच्या पिशव्या. त्या सगळ्यांच्या मागं, अगदी शेवटच्या धापा टाकणाऱ्याच्याही मागं, ही बाई चालत यायची. पळायची नाही. पण थांबायचीही नाही.

एरवी तिचं काम पायथ्याच्या हॉटेलातल्या धुलाईखान्यात. दिवसभर वाफ, ओल्या चादरी आणि इस्त्रीचा तो भलामोठा रूळ, ज्याच्यात एकदा तिच्या जावेची बांगडी गेली ती गेलीच. नवरा पाण्याच्या पंपावर. "ह्यांचा पंप आणि माझी इस्त्री," ती म्हणायची, "बंद पडल्याशिवाय आमची कुणाला आठवण येत नाही."

शर्यतीचं काम मात्र तिला मनापासून आवडायचं. आदल्या दिवशी कप्तानाची माणसं वाटभर नारिंगी फिती बांधत जायची, झुडपाला, काटकीला, खडकाच्या फटीत अडकवलेल्या काठीला. पळणाऱ्यानं फितीमागून फीत बघत जायचं. शेपटानं शेवटच्या माणसामागून त्या सोडत यायचं आणि डोंगर जसा होता तसा त्याचा त्याला परत करायचा. कप्तान म्हणजे शर्यत भरवणारा माणूस, गळ्यात शिट्टी, आवाज शिट्टीपेक्षा मोठा. त्यानं तिला पहिल्याच वर्षी पढवलं होतं, की वळण आलं की आधी मागं तोंड करून तीन हाका घालायच्या. ओ आली नाही तरच फीत सोडायची. एकदा फीत सुटली की ती वाट वाट राहत नाही बाई, तो डोंगर होतो.

आणि दुसरा नियम पळणाऱ्यांसाठी. शेपटानं ज्याला गाठलं त्याची शर्यत संपली. छातीवरचा नंबर काढून तिच्या हातात द्यायचा आणि मुकाट्यानं तिच्याबरोबर पुढच्या चौकीपर्यंत चालायचं. त्यामुळं माणसं तिला लांबून बघूनच दचकायची. धडधाकट बाप्ये तिच्याकडं वळून वळून बघत लंगडत पळायचे, जणू मागं वाघीण लागलीय. घरी येऊन ती नकला करून दाखवायची आणि नवरा हसून हसून खोकायचा.

त्या वर्षी नणंद आली. नवऱ्याची धाकटी बहीण, शहरात मोठ्या कचेरीत होती. वर्षभर जिने चढून-उतरून तयारी केलेली, मनगटावर बोलणारं घड्याळ, डोक्याला निळी टोपी. कचेरीतल्या सगळ्यांना सांगून आलेली, की डोंगर मारून येते.

सकाळी चहा घेताना म्हणाली, "वहिनी, आज आपली गाठ नाही हं पडायची. संध्याकाळी घरीच भेटू."

"तुमच्या तोंडात साखर पडो, वन्सं. माझी गाठ पडली की लोक रडतात."

"मी नाही रडणार."

"सकाळी सगळे असंच म्हणतात."

नवरा बुटाच्या नाड्या बांधून देत होता बहिणीच्या. तो म्हणाला, "हे बघ, ही दिसली ना मागं, तर सरळ खडकाआड बस. हिला जाऊ दे पुढं आणि मग ये सावकाश. हिला मागचं काही दिसत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ठाऊक आहे."

तिघंही हसली. शेपूट सगळ्यांत मोठ्यानं हसली.

शर्यत सुटली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. फक्त पलीकडच्या कड्यावर एक पांढरी रेघ होती, पाटीवर कुणी खडूनं ओढावी तशी. बकऱ्या मात्र खाली यायला लागल्या होत्या. कुणी हाकलत नव्हतं, आपणहूनच, माना खाली घालून, एकामागून एक. सकाळच्या पारी बकऱ्या वर जातात. शेपटानं त्यांना वाट दिली आणि मागं वळून बघितलं. एकीच्याही गळ्यातली घंटा वाजत नव्हती, इतक्या त्या सांभाळून पाय टाकत होत्या.

पहिल्या चौकीपर्यंत सगळं दरवर्षीसारखं झालं. बँकेतल्या एका साहेबांच्या पोटात कळ आली. त्यांनी नंबर काढून दिला आणि "घरी सांगू नका" म्हणाले. पुढं चढ लागला तेव्हा तिला लांबवर निळी टोपी दिसली. सगळ्यांच्या मागं. एक पाय ओढत चालली होती. मध्येच थांबायची, कमरेवर हात ठेवायची, मागं बघायची आणि शेपूट दिसली की पुन्हा पळायचं सोंग करायची.

शेपटाला वाईट वाटलं. वर्षभर जिने चढली बिचारी, आणि नंबर द्यायचा तो भावजयीच्या हातात! माहेरी जन्मभर त्याचं हसू झालं असतं. म्हणून तिनं मुद्दाम पाय आखडता घेतला. फितीची एकेक गाठ निगुतीनं सोडली, घडी घातली, पिशवीत ठेवली. जाऊ दे तिला पुढं.

तेवढ्यात ती पांढरी रेघ डोंगर उतरून आली. ढग आला म्हणण्यासारखं काही नव्हतं. पुढची झाडं गेली, मग जवळची गेली, मग स्वतःचे बूट अंधूक झाले. निळी टोपी दिसेनाशी झाली.

खिंडीत ती पोचली तेव्हा वारा अगदी पडला होता. ही जागा तिला कधीच आवडली नव्हती. मोठमोठे खडक दाटीवाटीनं उभे, आणि त्यांच्यामधून दोन वाटा फुटतात. उजवीकडची अरुंद, कड्याला घासून जाणारी, बघूनच नको वाटावी अशी. चौकीकडं जाते ती हीच. डावीकडची रुंद, गुरांच्या पायांनी मऊ झालेली, पायाला आपसूक ओढणारी. ती थोडं अंतर गोड बोलत नेते आणि मग सुट्या दगडांच्या उतारावर सोडून देते. खाली घळ. म्हणून खिंडीत उजव्या वाटेला फिती जवळजवळ बांधलेल्या असायच्या.

तिनं मागं तोंड केलं. "आहे का कुणी मागं?"

हाक ढगात शिरली आणि तिथंच राहिली.

"आहे का कुणी?"

तिसऱ्यांदा हाक घातली तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणीतरी श्वास रोखून धरल्यावर खोली कशी गप्प होते, तशी ती खिंड गप्प होती. गारठा आहे, तिनं स्वतःला समजावलं. ओ आली नाही. तिनं फिती सोडल्या, सगळ्या, आणि उजव्या वाटेला लागली.

चौकीवर दवाखान्यातला कंपाउंडर तंबूत स्टोव्ह पेटवून बसला होता. दोन पेले भरून ठेवलेले.

"दुसरी कुठंय?" त्यानं विचारलं.

"कोण दुसरी?"

"तुझी नणंद, निळी टोपीवाली. बाकीचे सगळे पुढं गेले. तेवढी एकच राहिलीय. म्हटलं, पाय दुखावला असेल, तुझ्याबरोबर येत असेल."

"माझ्या पुढं होत्या त्या."

"इथून नाही गेली बाई. हा रस्ता सोडून जाणार कुठं?"

शेपूट उभीच राहिली. सकाळचा चहा, नवऱ्याचं बोलणं, स्वतःचं हसणं सगळं एका झटक्यात डोळ्यापुढं आलं. पुढं नव्हती ती. आणि जी पुढं नाही ती मागं, जिथली एकूण एक फीत तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

कंपाउंडरनं वायरलेसवर कप्तानाला गाठलं. खरखरीतून आवाज आला, अडकलेल्यांना वर काढणारे दोरवाले निघालेत, शेपटाला म्हणावं तिथंच थांब.

"ऐकलंस ना? बस. चहा घे."

"दोरवाल्यांना सांगा, चौकीपासून फिती बघत या. मी बांधत जाते."

"अगं, तूही हरवलीस म्हणजे तुझ्या नवऱ्यानं काय दोघी गमवायच्या?"

ती ढगात शिरलीसुद्धा होती.

फीत सोडायला सोपी, गारठलेल्या बोटांनी बांधायला फार अवघड. तिची बोटं वाफेला सरावलेली, थंडीला नव्हेत. दातांनी गाठ आवळत ती खिंडीपर्यंत आली आणि प्रत्येक खडकाच्या मागं डोकावली. एका खडकाआड गवत दाबलेलं होतं, माणूस बसतो तेवढंच. बाजूला गोळीचा चकचकीत कागद. तिथून, ती स्वतः हाका घालत उभी होती ती जागा, हात लांब केला तर लागली असती.

डाव्या वाटेवर एक पाय घसरल्याचा लांबलचक ओरखडा होता.

"वन्सं!"

खालून एक दगड सुटल्याचा आवाज आला. मग दुसरा. ते कुठं जाऊन पडले ते मात्र ऐकू आलं नाही.

"वन्सं, ओ द्या!"

"वहिनी..." आवाज पायाखालून आला. "येऊ नकोस. सगळं हलतंय इथं."

ती पोटावर झोपून कडेला सरकली. ढग क्षणभर विरळ झाला तेव्हा दिसलं. सुट्या दगडांच्या उतारावर नणंद कुशीवर पडलेली, एक पाय धोंड्याखाली. तिनं मान जरी हलवली तरी भोवतीचे दगड कुजबुजल्यासारखे सरकत होते, आणि त्यांच्याबरोबर तीही, इंचाइंचानं.

"हलू नका. दोरवाले येतायत."

"मी ऐकल्या होत्या." नणंदेचे दात वाजत होते. "तिन्ही हाका ऐकल्या, वहिनी. तोंडावर हात दाबून बसले होते. म्हटलं, तू गेलीस की येईन मागून. बाहेर आले तर फितीच नाहीत."

"बोलू नका. दम राखा."

"दादाला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण झोपायचं नाही. झोपलात तर कचेरीत पत्र धाडीन, की तुम्ही धुलाईखान्यातल्या बाईच्या मागं राहिलात."

खालून हसण्यासारखं काहीतरी आलं. पिशवीचा पट्टा, तिची ओढणी, काही म्हणता काही खालपर्यंत पुरलं नसतं. उतरावं तर पहिल्याच पावलाला सगळा उतार नणंदेच्या अंगावर गेला असता. करण्यासारखं एकच होतं. ती हाका घालत राहिली.

"वन्सं?"

"हं."

"वन्सं?"

"आहे."

पाऊस भुरभुरायला लागला. दगड ओले झाले, तशी त्यांची कुजबुज वाढली. दिवस कलत होता. ओ उशिरा यायला लागली. हाक आणि ओ यांच्या मधल्या त्या जागेत शेपटाचा जीव अडकून राहायचा. मग एकदा ती नुसतीच वाट बघत राहिली. पुन्हा हाक घातली. पुन्हा. तिला कळेना, खाली माणूस आहे की नुसते दगड. तिनं कान जमिनीला लावला आणि डोळे मिटून घेतले.

पाठीमागून कुणीतरी तिचा खांदा धरला. दोरवाले फिती बघत आले होते.

नणंद जगली. पाय धड राहिला नाही, पण जगली. खाली तंबूत तिला स्ट्रेचरवर ठेवलं. नवरा बहिणीचा हात धरून बसला होता. भोवती सगळी शर्यत गोळा झालेली. कप्तानानं शिट्टी बोटात फिरवत विचारलं, "एवढंच सांगा ताई, खिंडीत शेपटानं हाका घातल्या होत्या का?"

नणंदेनं एकदाच भावजयीकडं बघितलं. मग तंबूच्या छताकडं.

"नाही. मला तरी ऐकू आल्या नाहीत."

सगळ्या माना शेपटाकडं वळल्या. नवऱ्याचीही.

"ढगात हाक दबते," शेपूट म्हणाली आणि चिखलानं भरलेली पिशवी रिकामी करायला बाहेर गेली.

कप्तान तिला म्हणाला, पुढच्या वर्षी हाका मोठ्यानं घाल. नवरा नकला दाखव असं पुन्हा कधी म्हणाला नाही. नणंद आता सुटीत येते, काठी टेकत. दोघी भाजी निवडतात, हसतात, एकमेकींची उणीदुणी काढतात. ती गोष्ट सोडून सगळं बोलतात. फक्त शेपटानं दुसऱ्या खोलीतून "वन्सं" म्हटलं की ती दोनदा ओ देते, घाईघाईनं, जणू पहिली पोचली नसेल.

शेपूट अजून जाते. आता हाका घालून झाल्या की ती पिशवी खाली ठेवते आणि खडकाखडकामागं जाऊन बघते. कप्तान वैतागतो, किती वेळ लावतेस म्हणतो. ती ऐकून घेते. काय काय दिसतं तिथं, ते मात्र तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी पुन्हा तसाच ढग उतरला. खिंडीत तिनं तीन हाका घातल्या. ओ आली नाही. पहिल्याच खडकाला वळसा घातला तर एक दांडगा पुरुष बसला होता. गुडघे पोटाशी, डोळे गच्च मिटलेले, तळहात तोंडावर दाबलेला. ती त्याच्यापुढं उभी राहिली. तिच्या बुटांचा आवाज त्याला आला असणारच. तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

"उठा दादा. पाहिलंय मी तुम्हाला."

तो हलला नाही. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अजून आहे का कुणी मागं?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं तोंडावरचा हात काढला नाही. डोळे मिटलेलेच ठेवून दुसरा हात तेवढा वर केला, आणि दोन बोटं दाखवली.