कादंबरीतली बाई

आमच्या यायनं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, कादंबरी लिहाले घेतली, तेव्हा भिलाईत लोखंड सोडून असं काही करणारा दुसरा माणूस मी पाहिला नव्हता. प्लांटमध्ये नवीन भट्टी उभी होऊन राहिली होती, आणि हे आपले शिफ्टहून आले, हातपाय धुतले न धुतले, की खाटेवर पालथे पडून लिहीत. विषय काय, तर गाव! अरे, ज्या गावातून जीव घेऊन निघालो, त्याच्यापायी कावून कागद खराब करता?

"खून हाय का त्याच्यात? लग्न?" मी विचारायची.

"नाही."

"मंग होते काय?"

"काही होत नाही. लोकं जगते."

घ्या! शेजारची भाभी विचारायची, "भैया क्या लिखते रहते हैं?" काय सांगू तिले, कप्पाळ! पण खरं सांगते, मलेच चैन पडत नव्हती. मी हाय का त्याच्यात? शेवटी कळलं, मी नव्हतीच. इतका राग आला का त्या रात्री वांग्याच्या भाजीत मनसोक्त तिखट घातलं.

होत्या त्या सासूबाई. सगळी कादंबरी त्यायचीच. गावाहून त्या आमच्या क्वार्टरवर राहाले आल्या होत्या. यायनं ठरवलं होतं, मायनं ऐकून हो म्हटलं तरच नागपूरच्या छापखान्यात धाडायची, नाही तर चुलीत टाकायची. चार वर्षांची मेहनत हो! एका सुट्टीच्या दुपारी वाचाले बसले. त्या तांदूळ निवडत होत्या. भट्टीपुढं न भिणारा माणूस, पण दर ओळीले मायकडे पाहून राहिला होता.

विहिरीचं पान आलं. आमच्या लोकायले विहिरीवर चढू देत नव्हते. खाली घागर घेऊन बसायचं, वरच्या कोण्या बाईले दया आली आणि तिनं ओतलं तरच पाणी. यायनं वाचलं, "ती उन्हात बसून राही. चेहरा शांत."

सासूबाईंचा हात थांबला. "कोण शांत?"

"तू, माय."

"मी? माह्या तोंडाले गावातले कुत्रे भेत होते!"

"पण तिथं तू काही बोलत नव्हती. मी सोबत राहायचो, मले याद हाय."

"शांत नव्हती रे बाबू, चूप होती." त्या यायच्याकडे पाहत राहिल्या. "एक शब्द बोलली असती तर त्यायनं तुले दगडं मारले असते. तू सोबत होता, म्हणून चूप होती."

माह्या डोळ्यात टचकन पाणी आलं. यायनं ती ओळ खोडली. मग हळूच म्हणाले, "माय, काय बोलायचं होतं तुले तेव्हा?"

"लिहिशील?"

"लिहितो."

सासूबाईंनी सूप बाजूले सारलं, पदर खोचला, आणि पहिलीच शिवी अशी घातली का मी उठून दार लावून घेतलं.