डाव्या कोपऱ्याची परीक्षा: आमगावकडची मंडई आणि माझा अतिशहाणपणा

मी नाशिकच्या एका शाळेत कबड्डी शिकवतो आणि हल्ली मला एक नाद लागलाय. मुरलेला खेळाडू समोरच्याची हालचाल ती होण्याआधीच ओळखतो, असं वाचल्यापासून मी चढायांचे व्हिडिओ कापत बसतो. चढाईपटू वळण्याच्या क्षणभर आधी चित्र थांबवायचं आणि विचारायचं, आता हा कुठे जाणार? बायकोवरही प्रयोग केला. ती पडद्याकडे न बघता म्हणाली, "तो कुठेही जाऊ दे, तुम्ही भाजी आणायला जाणार आहात." गेलो.

तेवढ्यात खेमराजचा फोन आला. हा माझा कॉलेजातला मित्र, आमगावजवळच्या एका खेड्यातला. दिवाळीनंतर त्यांच्या गावात मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि तिच्यात कबड्डीचे सामने होतात. "या वर्षी येच," तो म्हणाला. "दुलीभाऊचं काही खरं नाही." दुलीभाऊ त्याचे थोरले भाऊ, वय सेहेचाळीस, वीस वर्षं गावच्या संघाचा डावा कोपरा सांभाळणारे. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि तिथे गावातला एक तरणा गडी, तिकडच्या भाषेत पोट्टा, उभा करावा, अशी गावच्या कबड्डी मंडळात कुजबुज होती.

रात्री नाशिकला रेल्वेत बसलो की सकाळी थेट गोंदिया. आरक्षण मात्र लवकर करा. स्टेशनबाहेर पोहे आणि त्यावर चण्याची तर्री मिळते, पांढरा शर्ट घालून खाऊ नका. बसस्टँडसाठी ऑटोवाल्याशी घासाघीस केली तर तो म्हणाला, "मंडई देखने आए ना भैया?" कसं ओळखलं म्हणून विचारलं. "दिवाली के बाद इधर या तो दामाद आता है, या मंडईवाला. दामाद भाव नहीं करता." माझ्या सगळ्या अभ्यासापेक्षा हा माणूस पुढे होता.

आमगावपर्यंत बस, पुढे खेमराजची मोटारसायकल. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. घरी गरम भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. मी किती खाल्ले ते लिहीत नाही.

संध्याकाळी ओसरीवर दुलीभाऊंना खुर्चीत बसवलं आणि व्हिडिओचे वीस तुकडे दाखवले. चष्मा नसल्याने त्यांनी मोबाईल हातभर लांब धरला आणि विचार करकरून उत्तरं दिली. सात बरोबर आली. नेमके मंडळाचे अध्यक्ष तिथेच चहा पीत बसले होते. "काय म्हणते मास्तर तुमचं यंत्र?" त्यांनी विचारलं. जीभ आवरायला हवी होती. मी म्हणालो, "वयाबरोबर अंदाज मंदावतो."

"मी कव्हाचा सांगून रायलो!" अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "उद्या त्या पोट्ट्याले उतरवू."

दुलीभाऊ उठून बैलांना वैरण घालायला गेले आणि जेवायला आलेच नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुले परीक्षा घ्याले कोणं बोलावलं होतं?" खेमराज माझ्यावर उखडला. "आन् खुर्चीवर बसून कबड्डी खेळते का कोणी?"

रात्रभर तेवढंच डोक्यात घोळत राहिलं. सकाळी दुलीभाऊंच्या पाया पडून त्यांना अंगणात उभं केलं, सामन्यात राहतात तसं, वाकून, शेजारच्याचा हात धरून. शेजारचा म्हणजे खेमराज. साखळीत वीस वर्षं तोच त्यांच्या बाजूला असतो. मोबाईल समोर धरला आणि नवे वीस तुकडे लावले. "बोलू नका भाऊ, फक्त जा."

सतरा बरोबर! तोंडाला जे सांगता येत नव्हतं ते पायांना ठाऊक होतं. ज्या अंगाने ती उडी हजारदा घेतलीय, त्याला उडीच्या तयारीत उभं केलं तरच ते ओळखणार, आणि मी त्याला खुर्चीत कोंबलं होतं. हात धरलेला खेमराज मात्र ओढला जाऊन दोनदा वाळत घातलेल्या धानात तोंडावर आपटला.

तसाच अध्यक्षांकडे धावलो. "काल एक, आज एक," ते म्हणाले. "मास्तर, तुमचं नक्की काय जी? ठीक. दुलीले उतरवतो. पकड सुटली तं माईकवर तुमीच सांगा, गाव कोणाच्यापायी हारलं."

दुपारी मंडईत शिंगाडे, जिलेबी, पिपाण्यांचा कल्ला. मी मैदानाच्या कडेला माईक घेऊन बसलेल्या अध्यक्षांशेजारी जाऊन उभा राहिलो. शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. समोरचा उंच गडी उजव्या कोपऱ्याकडे बघत पावलं टाकत होता, आणि दुलीभाऊ डावीकडून झेपावले. तिथे कोणीच नव्हतं! "अरे थांब!" लोक ओरडले. अध्यक्षांनी माईक शांतपणे माझ्या हातात दिला. त्याच क्षणी तो गडी गर्रकन वळला आणि त्याचा घोटा दुलीभाऊंच्या पंजांत येऊन पडला. वर खेमराज, त्याच्यावर अख्खा संघ. मी जे ओरडलो ते माईकवरून सगळ्या मंडईने ऐकलं. शिक्षकाने असे शब्द वापरू नयेत.

नाशिकला आल्यावर कोणीतरी मोबाईलवर टिपलेली ती चढाई एकेक चित्र पुढे सरकवत पाहिली. तो गडी वळणार याची कुठेच काही खूण दिसेना. शेवटी दुलीभाऊंना फोन लावला. नेमकं काय पाहिलंत?

"पाहाचं कायले जी?" ते म्हणाले. "पाहत बसलो असतो तं तो निंगून गेला असता." मग जरा थांबून म्हणाले, "मंडळानं पुढच्या सालीही कोपरा मलेच देला. मीच म्हनलो, पोट्ट्याले माह्या बाजूले उभा करा. सांगून येत नाही हे, हातातूनच जाते. खेमराज रुसला थोडा."

दुसऱ्या दिवशी मैदानावर मुलं नेहमीप्रमाणे मोबाईलभोवती गोळा झाली. तो मी पिशवीत टाकला, साखळीच्या टोकाला जाऊन वाकलो आणि म्हणालो, "हात धरा."